गावाकडचं घर विकताना: घाईची रंगरंगोटी, आतली काटकसर आणि पडणारा भाव

पैनगंगाकाठ

खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी घर विक्रीला निघालं की पुढचे आठ दिवस काय होणार ते ठरलेलं असतं. भिंतींना डिस्टेंपरचा एक हात, दारांना ऑइलपेंट, तड्यांत पांढरं सिमेंट, गच्चीच्या शेवाळावर चुना. गिऱ्हाईक येतं ते एकटं येत नाही, सोबत त्याचा मिस्त्री असतो. मिस्त्री भिंतीवर बोट फिरवतो. जुना चुना न खरवडता डिस्टेंपर मारलेलं असेल तर बोट पांढरं होतं. मग तो जोत्याजवळचं प्लास्टर ठोकून बघतो, गच्चीवर जातो, आणि खाली येईस्तोवर त्याच्या डोक्यात मागितलेल्या भावातून लाख-दीड लाख गेलेले असतात. गंमत म्हणजे पाच हजारांचा तडा पाच हजारांचा म्हणून दिसला असता तर पाचच हजार कमी झाले असते. लपवलेला सापडला की गिऱ्हाईक न दिसलेल्या तड्यांचेही पैसे कापतं.

चर्चेचा हा धागा ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत हद्दीतल्या, साधारण १० ते २५ वर्षं जुन्या, विटा-सिमेंटच्या घरांबद्दल आहे. सुरुवात तड्यांपासून करतो, कारण आपल्याकडे विदर्भात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे.

काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर घराचे कोपरे वर्षातून एकदा वर-खाली होतात आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. तो मे महिन्यात उघडतो, ऑगस्टमध्ये मिटतो. मे महिन्यात त्यात सिमेंट भरलं तर पावसाळ्यात भिंत मिटताना ते सिमेंट दाबलं जाऊन पोपडा बाहेर येतो. पावसाळ्यात भरलं तर उन्हाळ्यात त्याच रेषेवर पुन्हा फट दिसते, आणि तीही नव्या रंगावर, म्हणजे जास्त उठून.

आधी कारण काढा. भिंतीलगत पाणी मुरू देऊ नका. जोत्याभोवती पाऊण ते एक मीटर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा ओता, त्याला बाहेरच्या बाजूला मीटरमागे ३-४ सेंमी उतार द्या. न्हाणीचं पाणी भिंतीशी सांडत असेल तर आधी ते पाइपानं दूर न्या. पट्टा ओतायच्या आधी खाली काळी माती असेल तर ती वीतभर काढून मुरूम ठोकून भरा, नाहीतर पट्टाच उखडतो.

मग तडा. छिन्नीनं इंग्रजी व्ही आकारात १० मिमी रुंद, १० मिमी खोल उघडायचा, ब्रशनं धूळ काढायची, ओलसर करून अॅक्रिलिक क्रॅक फिलर भरायचा. तो थोडा लवचिक राहतो, सिमेंट राहत नाही. तडा रुंद असेल तर दोन्ही बाजूंना १५ सेंमी प्लास्टर काढून फायबरची जाळी लावून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं पुन्हा प्लास्टर. तडा जिवंत आहे की थांबलेला, हे दाखवायचं असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी दोन टोकांना प्लास्टरनं चिकटवून शेजारी तारीख लिहा. उन्हाळा-पावसाळा काढून काच शाबूत राहिली तर गिऱ्हाइकाच्या मिस्त्रीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

वऱ्हाडी_ओळंबा

काय राजेहो, तडे दिसतात तरी. स्लॅबचं काय? खालून चुना मारून मोकळे होतात लोक. पहिल्या पावसात तोच पिवळा डाग, त्याच जागी, कारण पाण्यासोबत उतरणारा गंज नि कोब्यातली माती चुन्यातून वर येते. खालून कितीही हात मारा. काम वरून खाली करायचं असते.

गच्चीवर आधी चार-पाच बादल्या पाणी ओतून बघा. अर्ध्या तासानं कुठं साचून राहिलं तिथं खडूनं गोल काढा. गच्चीला १०० ला १ उतार लागतो, म्हणजे १० फुटांवर सव्वा इंचाच्या आसपास. डबकं बोटभरच असेल तर तेवढा भाग टोचून पॉलिमर मसाल्यानं उतार काढता येतो. सगळी गच्चीच उलट्या उताराची असेल तर जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, दुसरा उपाय नाही. कठड्याच्या मुळाशी गोल वाटा (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई) काढलेला नसला तर गळती बहुतेक वेळा तिथूनच असते, गच्चीच्या मधून नाही. आणि पाणी उतरायचा पाइप. ४ इंची पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीला पुरतो. गावात ८० चौरस मीटरच्या गच्चीला दोन इंची एकच तोटी ठेवलेली असते, तीही कडुनिंबाच्या पाल्यानं बुजलेली.

आता सळाखी. स्लॅबचं सिमेंट पडून सळाख उघडी झाली की त्यावर छपाई (प्लास्टर) मारून लपवतात. गंजलेलं लोखंड फुगतं, ते नवी छपाई ढकलून देतं. वर्षाच्या आत पोपडा खाली, कधी कोणाच्या डोक्यात. पद्धत अशी: खाली टेकू लावून ढिलं काँक्रीट सळाखीच्या मागपर्यंत काढायचं. तारेच्या ब्रशनं चकाकी येईपर्यंत घासायचं. सळाख चौथाईहून जास्त खाल्ली गेली असेल तर शेजारी नवी बांधायची, आणि इथं इंजिनिअर बोलवायचा, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचं नाही. मग गंजरोधक प्राइमर, बाँडिंगचा हात, पॉलिमर मसाला थराथरानं, आणि सात दिवस पाणी. स्लॅबला सळाखीखाली २० मिमी काँक्रीट पाहिजे असते. बांधताना ठोकळे न ठेवता सळाखी सेंट्रिंगच्या पाट्यांवर टेकवल्या म्हणून हे सगळं होते.

पूर्णाखोरं

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात वरच्या दोघांनी सांगितलेल्यात आणखी एक भर पडते, मीठ. बांधकाम बोअरच्या खाऱ्या पाण्यानं झालेलं असतं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकामध्ये लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिग्रॅ आहे. आमच्याकडचं कित्येक बोअरांचं पाणी चवीलाच कळतं.

परिणाम म्हणजे खालच्या तीन फुटांत लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले क्षार. लोक काय करतात? पुट्टी आणि वरून ऑइलपेंट, किंवा सरळ टाइल्सचा पट्टा. भिंतीतल्या ओलीला पुढून वाट बंद झाली की ती वर चढते, आणि टाइल्सच्या वर चौथ्या फुटावर नवा लोणा फुटतो. जाणकार गिऱ्हाईक बैठकीच्या खोलीत कमरेएवढ्या टाइल्स दिसल्या की पहिली शंका हीच घेतो.

करायचं असेल तर ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत प्लास्टर काढा. विटांचे सांधे १०-१५ मिमी खोल खरवडा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून घराबाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका, विरघळून परत विटेत जातात. पूर्ण उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या. नवं प्लास्टर चुन्याचं किंवा चुना मिसळलेलं करा, गोड्या पाण्याच्या टँकरनं. वर चुन्याचाच रंग. ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंट खालच्या भागाला नको, भिंतीचा श्वास कोंडतो. दोन-तीन वर्षांनी थोडा लोणा पुन्हा येईल, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. इथल्या माणसाला ते माहीत असतंच.

परसदार

चर्चा वाचून घाम फुटला. 🙂 हे सगळं करायचं तर घराच्या किमतीचा चौथा हिस्सा जाईल. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की गिऱ्हाइकं निघतात, म्हणजे दिवाळीनंतर ते गुढीपाडव्यापर्यंत. तेवढ्या वेळात आणि थोड्या पैशात कशाला हात लावायचा, कशाला नाही? मागच्या बाजूला मातीच्या भिंतीची कवेलूची (कौलांची) दोन खोल्यांची जुनी पडवी पण आहे.

कवेलू

ताई, मागच्या पडवीवर एक रुपया लावू नका. मातीच्या भिंतीचं कवेलू घर घेणारा जागा घेत असतो, तो ते पाडणारच. रंग दिला तर त्याला हसू येतं. पण जागा म्हणून ती नीट दाखवायला लागते, आणि इथं लोक फार कमी पडतात.

तुराट्या, पऱ्हाटी, जुनी टिनं, मोडकं वखर, बारदाना, सगळं हलवा. पऱ्हाटीचा ढीग भिंतीला टेकून ठेवला की वाळवी तिथून चढते, आणि गिऱ्हाईक तो ढीग उचलून भिंतीकडं बघतोच. ज्या खोलीत कापूस साठवला तिची धूळ नि वास जायला दोन दिवस खिडक्या उघड्या लागतात. जागेच्या चारही कोपऱ्यांना हद्दीचे दगड दिसू द्या, झुडपात गाडलेले असतात. गल्लीची रुंदी मोजून सांगा, कारण रेती-विटांची ट्रॉली दारापर्यंत येते की नाही यावर बांधकामाचा खर्च ठरतो.

सागाची मयालं (आडव्या तुळया), खांब, चौकटी असतील तर त्यांचा वेगळा हिशोब असतो. गोंदिया-गडचिरोलीकडं तर कधी कधी लाकडाची किंमत भिंतींपेक्षा जास्त. लाकूड जागेसोबत जाणार की तुम्ही काढून घेणार, हे इसारचिठ्ठीत नग मोजून लिहा. इसार घेतल्यावर रातोरात दारं-चौकटी काढून नेणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्यावरून मोडलेले सौदे मोजायला नको.

अपवाद एकच: पडवीचं छप्पर गळत असेल तर फुटलेले कवेलू तेवढे बदला. भिजलेली मातीची भिंत बसली तर शेजाऱ्याची भिंतही घेऊन जाते.

पैनगंगाकाठ

@परसदार, पक्क्या भागाचं सांगतो. पैसे थोडे असतील तर पाणी अडवणाऱ्या गोष्टींना आधी: गच्चीचा पाइप, वाटा, जोत्याचा पट्टा, न्हाणीचं पाणी. मग उघड्या सळाखी, कारण तिथं धोका आहे. तडे उघडून भरा. रंग शेवटी, आणि बाहेरून. आतल्या खोल्यांना नवा डिस्टेंपर परवडत नसेल तर देऊच नका. भिंती झाडा, खिळे काढून भोकं बुजवा, चुलीमागचा काळा थर धुवा. जुना स्वच्छ रंग चालतो. आत्ता कालच मारलेला रंग, तोही फक्त एका भिंतीला, हा मात्र नको. तो बोट दाखवून सांगतो की ओल इथं आहे.

रंग द्यायचाच तर नीट. जुना चुना पत्र्यानं खरवडून ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग प्राइमर, गरज तिथं पुट्टीचे दोन पातळ हात (दोन्ही मिळून दीड मिमीच्या वर नको, नाहीतर सुटते), पुन्हा प्राइमर, मग रंगाचे दोन हात. नवं प्लास्टर केलं असेल तर ते २८ दिवस सोडा. घाईत रंगवलं की क्षार पांढरे डाग होऊन वर येतात.

मीटरवाला

भिंतीवर चार पोस्टी झाल्या, कूलरवर एकही नाही. विदर्भातल्या घरातली सगळ्यात हमखास ओल कूलरच्या खिडकीखाली असते. टाकी ओसंडते, पंपाचा पाइप गळतो, पाणी चौकटीच्या खालून भिंतीत जातं. बाहेर हिरवा पट्टा, आत प्लास्टर फुगलेलं, खिडकीची चौकट खालून कुजलेली. उपाय स्वस्त आहे. कूलर भिंतीपासून दोन इंच पुढं लोखंडी स्टँडवर, टाकीला ओसंडण्याचा पाइप नालीपर्यंत, खिडकीच्या पाटाला बाहेरच्या बाजूला उतार नि खाली पाणी तोडायची खाच. फुगलेला भाग सुकवूनच दुरुस्त करा.

वायरिंगमधली काटकसर गिऱ्हाइकाचा वायरमन दोन मिनिटांत पकडतो. दिव्याला १.५ चौमिमी, प्लगला २.५, गिझर-एसीला ४, हे माप. गावात सगळीकडं एकच १ ची वायर ओढलेली सापडते. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या पिनेला अर्थिंग न देता बोर्डाच्या आतच न्यूट्रलला जोडलेली. दिवा लावून तपासलं तर फेज-अर्थवर दिवा लागतो, म्हणून मालक म्हणतो अर्थिंग आहे. पण बाहेर कुठं न्यूट्रल तुटला की कूलरच्या पत्र्यात पूर्ण करंट. उन्हाळ्यात कूलरनं माणसं दगावतात त्यात हे एक मोठं कारण. तपासायचं तर मेन बंद करून बोर्ड उघडून बघा, दिव्यावर विसंबू नका.

खरी अर्थिंग करा, मुख्य पॅनेलला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगच्या पाइपाभोवती भेग पडते, माती सुटते आणि रोध वाढतो, म्हणून खड्ड्यावर पाणी टाकायची नळी ठेवायची. आरसीसीबी टेस्टचं बटण दाबून पडतो हे गिऱ्हाइकासमोर दाखवा. हे हजारांतलं काम आहे, लाखांतलं नाही.

नमुना८

भिंतींइतकीच कागदं सजवतात लोक, आणि तिथली काटकसर जास्त महाग पडते.

नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, वारसनोंद, गावठाणात स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक (२०२० पासून ड्रोन मोजणी करून दिलेलं), आणि गावठाणाबाहेर असेल तर अकृषक आदेश, हे बघतात. तालुक्याच्या जुन्या गावांत जागा नझूलची (सरकारी मालकीची, पट्ट्यानं दिलेली) निघाली तर पट्ट्याची मुदत, नूतनीकरण नि शर्तभंग, तिन्ही आधी तपासा. भोगवटदार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. वडील वारले, नाव अजून त्यांचंच, बहिणींच्या सह्या "नंतर घेऊ", हा तर सौदा अडकवायचा राजमार्ग.

गिऱ्हाईक कर्जावर घेणार असेल तर बँकेचा मूल्यांकनकर्ता येतो. तो टेपनं मोजतो, नकाशाशी ताडतो आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतचं कर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण ती किंमत त्या अहवालातली. स्लॅबच्या सळाखी उघड्या असं त्यानं लिहिलं की कर्ज कमी बसतं, आणि मग कमी बसलेले पैसे गिऱ्हाईक तुमच्याच भावातून मागतो.

इसार रोखीत घ्यायची सवय सोडा. जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. खरेदीखतात किंमत कमी दाखवूनही मुद्रांक वाचत नाही. शुल्क वार्षिक बाजारमूल्य आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्तीवर लागतं.

अडाण

कागदाचं पटलं. पण भिंतींचं सगळं आपणहून सांगितलं तर गिऱ्हाईक पळतंच हो. व्यवहारात थोडं झाकावं लागतं. बैल विकताना कोणी त्याच्या खोडी सांगतो का?

नमुना८

@अडाण, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. साध्या काळजीनं गिऱ्हाइकाला कळू शकणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. न सांगणं कायद्यानं फसवणुकीत मोडतं. बैलाचं मला माहीत नाही.

वऱ्हाडी_ओळंबा

अडाणभाऊ, सांगायची पण रीत असते. "मागच्या खोलीत गळते" एवढंच म्हटलं तर गिऱ्हाईक पळणारच. त्याऐवजी मिस्त्रीकडून कागदावर अंदाज घ्या: वाटा इतके फूट, मसाला इतका, मजुरी इतकी. तो कागद हातात द्या आणि तेवढी रक्कम सोडा. गिऱ्हाइकाच्या मनातला आकडा नेहमी खऱ्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट असतो. कागद असला की घासाघीस त्या आकड्यावर होते.

अडाण

माझं मत बदललं नाही, पण अंदाजाचा कागद चांगला आहे. सिमेंटच्या बाबतीत तरी करून बघण्यासारखं.

कवेलू

वाळवीचं राहिलं. चौकटीवरची मातीची नळी खरवडून वर रंग मारतात, आत पोकळ. स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो. भिंत आणि फरशीच्या सांध्यात दर एक फुटावर १२ मिमीचं भोक, प्रत्येकात एक लिटर द्रावण. क्लोरपायरिफॉस २० ईसी एक लिटर आणि पाणी १९ लिटर. हातमोजे, तोंडाला मास्क, मुलं-जनावरं दूर, आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे औषध नकोच, चौकट बदला. भोकं सिमेंटनं बुजवा, बुजवलेली भोकं दिसली तरी हरकत नाही. औषधाचं बिल ठेवा.

पूर्णाखोरं

पाण्याचंही. बोअर आहे म्हणून भागत नाही. २०० लिटरचा ड्रम किती मिनिटांत भरतो ते घड्याळ लावून दाखवा, तेही एप्रिल-मे मध्ये. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइड पट्ट्यात पाण्याचा तपासणी अहवाल जवळ ठेवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणं फ्लोराइड लिटरला १ मिग्रॅ ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. अहवाल जास्त आला तर ते पाणी वापरायला, पिण्याचं नळाचं, असं स्पष्ट लिहा.

परसदार

दोनच विचारते. फोटो कसे काढू? आणि संडासाला नव्या टाइल्स लावाव्या का, जुन्या पिवळ्या पडल्यात.

पैनगंगाकाठ

फोटो: मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून, दिवे लावून, खिडकी पाठीशी. सकाळी ९ च्या आत बाहेरचे. गच्ची, मीटर, बोअर, गल्ली, चारही बाजूंचे कोपरे यांचेही टाका. दुरुस्ती सुरू असतानाचे, उघडी सळाख नि खरवडलेली भिंत दिसणारे तर नक्की. दाखवायला बोलावलं की घर दुपारचंच दाखवा, एप्रिल असला तरी. सकाळी बघून गेलेला माणूस दुपारी न सांगता परत येतो, स्लॅब किती तापतो बघायला. गच्चीला चुन्याचा जाड पांढरा हात दिलेला असला तर फरक जाणवतो.

संडासाला टाइल्स नकोत. आधी दोन बादल्या ओतून पाणी चटकन जातं का बघा. जात नसेल तर सेप्टिक टाकी भरलेली असते किंवा पाइपाला उतार नसतो. टाकी उपसून घ्या, झाकण फुटलं असेल तर नवं ओता, टाकीच्या वाफेचा पाइप छपरापेक्षा वर न्या आणि तोंडाला मच्छरजाळी बांधा. पिवळ्या टाइल्स अॅसिडनं घासू नका, सांधे खाल्ले जातात. साबण-सोड्यानं धुऊन सांध्यांत नवं पांढरं ग्राउट भरा, एक किलोचं पाकीट छोट्या संडासाला पुरून उरतं.